फोटो लहान केला की मऊ का पडतो? आकार बदलताना धार कशी टिकवायची?

खाडीकाठ (ऐरोली)

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन लावायचं आहे आणि तेच फोटो वेबपानावरही टाकायचे आहेत. मूळ फाइली २४ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ६००० × ४०००. पूर्ण आकारात बघितलं तर चोचीचा काळा शेंडा, पायाचा सांधा, चिखलातले ठसे, सगळं स्वच्छ दिसतं. १२०० × ८०० वर आणलं की चित्रावरून ओला हात फिरवल्यासारखं होतं, पाय तर जवळजवळ गायबच. शार्पन वाढवलं की पाय परत दिसतात, पण मग पक्ष्याभोवती पांढरी किनार उमटते.

लहान करताना कोणती पद्धत निवडावी? शार्पन आधी करावं की नंतर? आणि १२ × १८ इंची प्रिंटला हीच फाइल चालते की वेगळी करावी लागते? फोटोशॉप आणि गिंप दोन्ही हाताशी आहेत.

तलावपाळी (ठाणे)

आधी क्रम नीट लावा, बहुतेक घोळ क्रमातच होतो.

रॉ फाइल उघडताना लेन्स आणि सेन्सरचा मऊपणा काढण्यापुरतंच शार्पन द्या, रेडियस (धार लागणाऱ्या पट्ट्याची रुंदी, पिक्सेलमध्ये) १ च्या आत. नॉइज (फोटोतले दाणे) इथेच काढा, कारण नंतरचं प्रत्येक शार्पन नॉइजलाही धार लावतं. क्रॉप, रंग, एक्स्पोजर उरकून ही प्रत १६ बिट टिफ म्हणून ठेवून द्या. ही मूळ प्रत. पुढचं सगळं तिच्या नकलेवर.

आता वेबची नक्कल. फोटोशॉपात इमेज साइझ उघडा, रिसॅम्पल चालू, एकक पिक्सेल, रुंदी १२००, पद्धत (शेजारच्या पिक्सेलांवरून नवे पिक्सेल काढायची) साधी बायक्युबिक. मग चित्र १०० टक्क्यांवर बघा; ५० किंवा ६६ टक्क्यांवर धारेचा अंदाज येतच नाही, कारण तिथे स्क्रीनसाठी पुन्हा आकार बदललेला असतो. आता अनशार्प मास्क (शार्पनचं साधन; अमाउंट म्हणजे जोर, थ्रेशोल्ड म्हणजे किती फरकाच्या पुढे धार लावायची): अमाउंट ८० ते १००, रेडियस ०.३, थ्रेशोल्ड ० ते २. शेवटी एसआरजीबीत (वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) रूपांतर, ८ बिट, जेपीईजी.

पांढरी किनार येते ती रेडियसमुळे. १२०० पिक्सेलच्या चित्रात रेडियस १ म्हणजे मूळ फाइलच्या हिशेबात ५ पिक्सेल. पायाची जाडीच तेवढी नसेल तर शार्पन पायाला धार लावायच्या ऐवजी पायाच्या बाजूला पट्टा रंगवतं. रेडियस ०.२ ते ०.४ मध्येच ठेवा आणि अमाउंट मोकळ्या हाताने वाढवा, अगदी १२० पर्यंत. किनार दिसणार नाही.

ससूनडॉक_ते_सीवूड्स

थोडक्यात, शार्पन म्हणजे मिसळीवरची तर्री. ती वाढताना घालायची, शिजवताना नाही :)

येऊरचा_पायवाटी (ठाणे)

तर्रीची उपमा चपखल आहे, पण एक दुरुस्ती. तलावपाळी म्हणतात त्याप्रमाणे साधी बायक्युबिक आणि मग हाताने शार्पन हे उत्तमच, पण ते पाच फोटोंना. दोनशे फोटो असतील तर लाइटरूमच्या एक्सपोर्टमध्ये रिसाइझ टू फिट, लाँग एज १२००, शार्पन फॉर स्क्रीन, स्टँडर्ड एवढं पुरतं. तिथलं शार्पन लहान झालेल्या आकारावरच लागतं, त्यामुळे क्रम आपोआप बरोबर राहतो. 'डोन्ट एनलार्ज'वर खूण करायला विसरू नका, नाहीतर कडक क्रॉप केलेला ९०० पिक्सेलचा फोटो ताणून १२०० चा होतो आणि सगळ्या गठ्ठ्यात तोच तेवढा मऊ दिसतो.

तलावपाळी (ठाणे)

बरोबर, गठ्ठ्याला तेच सोयीचं. पण फोटोशॉपातलं 'बायक्युबिक शार्पर' मात्र मी कुणाला सुचवणार नाही. त्यात धार किती लागणार ते आपल्या हातात राहत नाही. दुपटीने लहान करताना ठीक दिसतं. पाचपटीने लहान करताना आधीच धारदार असलेल्या कडांवर, म्हणजे चोच आणि आकाश जिथे भेटतात तिथे, करकरीत रेघ उठते. ती नंतर काढता येत नाही.

त्रिज्या (नेरूळ)

खाडीकाठ, तुमचे पाय का गायब होतात ते आकड्यांत बघा, म्हणजे उपायही दिसेल.

६००० वरून १२०० म्हणजे पाचपट लहान. मूळच्या ५ × ५ अशा २५ पिक्सेलांचा एक पिक्सेल होणार. मूळ चित्रात पाय ५ पिक्सेल जाड असेल तर नव्यात जेमतेम १ पिक्सेल. ३ पिक्सेल असेल तर ०.६. ०.६ पिक्सेल असं काही नसतं. एकच पिक्सेल असतो, त्यात ६० टक्के पाय आणि ४० टक्के मागचं पाणी मिसळतं. पाय नेमका दोन रांगांच्या सीमेवर पडला तर दोन्ही रांगांत ३०-३० टक्के. म्हणजे पाय दुप्पट रुंद आणि निम्मा फिका. हा मऊपणा कुठल्याही सॉफ्टवेअरचा दोष नाही, त्या आकारात तेवढीच जागा आहे.

म्हणून पहिला उपाय शार्पन नसून क्रॉप आहे. ६००० मधला ३००० × २००० चा भाग घ्या आणि मग १२०० करा. आता चित्र अडीचपटच लहान होतं, तोच ३ पिक्सेलचा पाय १.२ पिक्सेल राहतो आणि बराच ठळक दिसतो. संपूर्ण थवा दाखवायचा फोटो आणि पक्षी दाखवायचा फोटो हे वेगळे ठेवा.

पद्धतींबद्दल: निअरेस्ट नेबर एकच पिक्सेल उचलतं आणि बाकीचे टाकून देतं, म्हणून पाय तुकड्यातुकड्यांनी दिसतो. मोठं करताना बायलिनिअर ४ पिक्सेल बघतं, बायक्युबिक १६, लांचोस-३ हे ३६. लहान करताना चांगलं सॉफ्टवेअर ही खिडकी, म्हणजे एका वेळी बघायच्या पिक्सेलांचा चौकोन, त्या पटीत रुंद करतं. लांचोस सगळ्यात धारदार, पण त्याच्या वजनांत (कोणत्या पिक्सेलला किती महत्त्व द्यायचं त्या आकड्यांत) उणे आकडे असतात, म्हणून जोरकस कडेशेजारी बारीक लाट उठते. पक्ष्यांच्या फोटोत ती खपते. निळ्या आकाशासमोरच्या विजेच्या तारेला मात्र लगेच दिसते.

पामबीच_रोड

@त्रिज्या, लाटेबद्दल सहमत. पण आपल्याकडे त्याहून मोठा त्रास जाळीचा. पाम बीचच्या टॉवरांचे फोटो लहान केले की खिडक्यांच्या ग्रिलवर आणि गॅलऱ्यांच्या आडव्या रेघांवर वाकड्या पट्ट्यांची नक्षी उमटते, जी इमारतीवर मुळी नाहीच. वाशी पुलाच्या कठड्यालाही तेच होतं. कारण असं की नव्या आकारात दोन पिक्सेलांपेक्षा बारीक झालेली ओळीची नक्षी मांडताच येत नाही आणि ती खोट्या जाड नक्षीच्या रूपात परत येते. याला मोआरे म्हणतात. एकदा उमटली की शार्पन तिला आणखी ठळक करतं.

उपाय लहान करण्याआधी करायचा: इमारतीपुरतं सिलेक्शन, कडा थोड्या फेदर केलेल्या (हळूहळू विरणाऱ्या), त्यावर गॉशियन ब्लर. पाचपट लहान करायचं असेल तर रेडियस १.५ च्या आसपासपासून सुरुवात करून बघा. मग आकार बदला. झाडं, माणसं, आकाश यांना हात लावायची गरज नाही.

उजेड_अंधार (ठाणे)

एक मुद्दा अजून कुणी काढला नाही. मासुंदा तलावाचा रात्रीचा फोटो घ्या: काठावरचे दिवे, पाण्यातली प्रतिबिंबं. लहान केला की दिव्यांचे ठिपके मंद पडतात आणि सगळे म्हणतात, शार्पनेस गेला. मुळात गेलेला असतो उजेड.

जेपीईजीमधले ० ते २५५ आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यांना गॅमाचा बाक दिलेला असतो. पांढरा २५५ आणि काळा ० यांची सरासरी सॉफ्टवेअर १२८ काढतं. पण १२८ म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम २२ टक्के प्रकाश. निम्मा प्रकाश हवा असेल तर आकडा १८८ यायला पाहिजे. घरी तपासून बघा: एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा आडव्या रेघांचं चित्र करा आणि ५० टक्क्यांवर आणा. १२८ चा करडा आला तर तुमचं सॉफ्टवेअर बाक तसाच ठेवून सरासरी काढतंय. लांबून बघितल्यास मूळ रेघांचं चित्र त्याहून स्पष्टपणे उजळ दिसेल.

फोटोशॉपात यावर वाट अशी: मोड ३२ बिट करा, आकार बदला, परत १६ बिट करताना जी टोनिंगची खिडकी उघडते तिथे एक्स्पोजर अँड गॅमा निवडून एक्स्पोजर ० आणि गॅमा १ ठेवा. इमेजमॅजिकमध्ये (कमांडवर चालणारं चित्रांचं सॉफ्टवेअर) आधी कलरस्पेस लिनिअर आरजीबी, मग रिसाइझ, मग परत एसआरजीबी. दिवाळीतल्या तलावपाळीच्या फोटोंना याने जो फरक पडतो तो कुठल्याही शार्पनने पडत नाही.

येऊरचा_पायवाटी (ठाणे)

रात्रीच्या फोटोंना मान्य. येऊरच्या जंगलाचे दिवसाचे फोटो दोन्ही पद्धतींनी शेजारी ठेवले तर फरक शोधावा लागतो. प्रत्येक फोटोला ३२ बिटची वारी कशाला?

उजेड_अंधार (ठाणे)

प्रत्येकाला नकोच. जिथे काळ्यावर बारीक उजळ काही आहे तिथे: दिवे, पाण्यावरची चमक, पावसाचे थेंब, तारे.

शिरोरेखा (कोपरखैरणे)

धागा फोटोंचा आहे, पण मंडळांची पोस्टरं, लग्नपत्रिका, नाटकाच्या जाहिराती यांतलं देवनागरी लहान केल्यावर जे होतं ते इथेच लिहून ठेवते, कारण त्याचं कारण तेच आहे आणि त्रास जास्त.

३००० पिक्सेल रुंद पोस्टर इन्स्टाग्रामसाठी १०८० केलं. म्हणजे २.७८ पट लहान. मूळची ६ पिक्सेल जाड शिरोरेखा आता २.१६ पिक्सेल. पिक्सेल तर पूर्णच असतात, त्यामुळे कुठल्या ओळीत शिरोरेखा दोन ठळक रांगांची आणि खाली पुसट सावली, तर पुढच्याच ओळीत एक ठळक रांग आणि वर-खाली दोन करड्या. एकाच परिच्छेदात अर्ध्या ओळी ठसठशीत आणि अर्ध्या धुरकट दिसतात. अनुस्वाराचा टिंब, रफार, 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ हे तर आधीच बारीक. 'आनंद' चा 'आनद' व्हायला वेळ लागत नाही.

शार्पन करून बघू नका. शिरोरेखेच्या खाली पांढरा पट्टा उठतो आणि अक्षर रेघेपासून सुटल्यासारखं दिसतं.

योग्य मार्ग: फोटोचा थर आधी १०८० वर आणा, त्याला शार्पन द्या, आणि अक्षरं त्या अंतिम आकारातच नव्याने टाका. अक्षर लेयर रास्टराइझ करू नका, म्हणजे तो पिक्सेलांत बदलू नका. फोटोशॉपात टेक्स्टच्या अँटीअलायझिंगमध्ये (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याच्या सोयीत) शार्प, क्रिस्प, स्ट्राँग, स्मूद असे पर्याय असतात. लहान देवनागरीला चारही लावून १०० टक्क्यांवर बघा, फाँटनुसार उत्तर बदलतं. फक्त जेपीईजीच हातात असेल तर पूर्ण पटीत लहान करा: ३००० चं १०००, तीनपट, शिरोरेखा बरोबर २ पिक्सेल. उरलेल्या ८० पिक्सेलांची बाजूला पट्टी द्या. आणि अक्षरांचं चित्र जतन करताना पीएनजी.

ससूनडॉक_ते_सीवूड्स

'आनंद' चा 'आनद' हे गणपतीच्या पोस्टरांवर दरवर्षी दिसतं. कारण आज कळलं. शिरोरेखाताई, हे वेगळा धागा काढण्यासारखं आहे.

अर्जदार_मार्गदर्शन (घणसोली)

आकार बदलण्याचा विषय निघालाच आहे तर परीक्षांच्या अर्जांचं. आयबीपीएसच्या बँक परीक्षांना फोटो २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, आणि सही १४० × ६०, १० ते २० केबी, असं सांगितलेलं असतं. यात दोन ठिकाणी गाडी अडते.

पहिलं, मोबाइलचा ३:४ चा फोटो सरळ २०० × २३० करतात आणि चेहरा आडवा फुगतो. आधी २० : २३ या प्रमाणात क्रॉप, मग आकार. दुसरं, १४० × ६० ची सही जेपीईजी केली की ती १० केबीच्या खालीच भरते आणि साइट ती नाकारते. क्वालिटी १०० करा, सबसॅम्पलिंग ४:४:४ ठेवा (म्हणजे रंगही पूर्ण आकारात साठतो), स्कॅन काळ्या शाईचं पण रंगीत मोडमध्ये राहू द्या. डीपीआयचा आकडा बदलून केबी बदलत नाहीत, तो फक्त फाइलच्या डोक्यावरचा शिक्का आहे. केबी ठरतात पिक्सेल आणि क्वालिटीवर.

ऐरोली_नॉलेजपार्क

वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी. पायथनमध्ये ओपनसीव्ही या लायब्ररीचं रिसाइझ काही न सांगता वापरलं तर बायलिनिअर लागतं आणि ते लहान करताना खिडकी रुंद करत नाही. पाचपट लहान करताना ते मधले बरेच पिक्सेल बघतच नाही, म्हणून पामबीच_रोड यांनी सांगितलेली जाळी हमखास उमटते. लहान करायला इंटर-एरिया निवडा. पिलो ही लायब्ररी वापरत असाल तर लांचोस; ते लहान करताना खिडकी बरोबर रुंद करतं. २०१५ च्या २.७ आवृत्तीपासून पिलोचं बायलिनिअर आणि बायक्युबिकही तसंच करतं.

इमेजमॅजिकच्या मॉग्रिफाय आदेशाने मूळ फाइलीच बदलतात. वेगळं फोल्डर सांगितल्याशिवाय तो चालवूच नका. मोजमापानंतर लगेच '>' चिन्ह दिलं तर फक्त मोठे फोटो लहान होतात, लहान फोटो ताणले जात नाहीत. पण ते चिन्ह अवतरणात टाका, नाहीतर कमांड लाइनला वाटतं की फाइलमध्ये लिहायला सांगितलंय. आणि ऑटो-ओरिएंट हा पर्याय रिसाइझच्या आधी द्या, म्हणजे उभे फोटो आडवे पडत नाहीत.

ज्यांना कमांड नको त्यांना विंडोजवर इरफानव्ह्यू: बी दाबलं की गठ्ठ्याची खिडकी उघडते, अॅडव्हान्स्डमध्ये लाँग साइड १२००, रिसॅम्पल फंक्शन वापरा आणि लहान फोटो मोठे करू नका, या खुणा.

त्रिज्या (नेरूळ)

इमेजमॅजिकचा विषय निघालाय म्हणून थोडं अवांतर. त्यात फोटो मोठा करताना आपोआप लागणारं फिल्टर 'मिचेल' नावाचं आहे. ते १९८८ चं, डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावली या दोघांनी बेल लॅब्जमध्ये असताना मांडलेलं. नेत्रावली हे आपल्या पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी, पुढे बेल लॅब्जचे अध्यक्ष झाले, २००१ मध्ये पद्मभूषण मिळालं.

त्या फिल्टरला दोन चाव्या आहेत, बी आणि सी. बी वाढवला की चित्र मऊ, सी वाढवला की कडेला लाट. त्यांनी दोन्हीला एक तृतीयांश सुचवलं, मऊपणा आणि लाट यांच्या मधली जागा. बी शून्य आणि सी अर्धा केला की कॅटमल-रॉम, जास्त धारदार. 'कोणती पद्धत सगळ्यात चांगली' याचं एक उत्तर का नाही, ते या दोन चाव्यांत दिसतं: धार, लाट आणि पायऱ्या यांतलं एक कमी केलं की दुसरं वाढतं.

उजेड_अंधार (ठाणे)

हे माहीत नव्हतं. वाचून फार बरं वाटलं.

शाई_आणि_कागद (वाशी)

प्रिंटकडे वळू. खाडीकाठ, तुमच्या ६००० × ४००० ला १२ × १८ इंच हा आकार अगदी जमतो. दोन्हीचं प्रमाण २:३, म्हणजे क्रॉप नाही, आणि ४००० भागिले १२ म्हणजे इंचाला ३३३ पिक्सेल. लॅबला ५४०० × ३६०० करून ३०० पीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेल) द्या. १२०० ची वेबची फाइल चुकूनही देऊ नका, ती इंचाला ६७ पिक्सेल भरते.

प्रिंटचं शार्पन वेगळं. रेडियसचा जुना ठोकताळा: पीपीआय भागिले २००. म्हणजे ३०० ला १.५. अमाउंट १०० ते १५०. मॅट कागदावर शाई पसरते म्हणून थोडं जास्त, ग्लॉसीवर कमी. स्क्रीनवर १०० टक्क्यांत ते भडक दिसलं पाहिजे. तिथे छान दिसणारी फाइल कागदावर मऊ उतरते. पूर्ण प्रिंटआधी चोच आणि पाय असलेला ४ × ६ इंचाचा तुकडा अंतिम मापातच कापून छापून बघा. फोटो ४ × ६ मध्ये बसवून छापला तर परीक्षा फुकट जाते.

प्रवेशद्वाराशी फ्लेक्स लावणार असाल तर ३०० चा आग्रह सोडा. डोळ्याला एक कलेइतका (अंशाच्या साठाव्या भागाइतका) फरक कळतो असं धरलं तर लागणारे पीपीआय म्हणजे ३४३८ भागिले अंतर इंचात. १० फुटांवरून, म्हणजे १२० इंचांवरून, २९ पुरतात. १० फूट रुंद फ्लेक्सला तुमची ६००० ची फाइल ५० पीपीआय देते. मोठी करायची गरजच नाही. लोक ती ताणून ३६००० पिक्सेलची करतात, मशीन तासभर अडतं आणि फ्लेक्स तसाच दिसतो.

गडकरी_कट्टा (ठाणे)

मोठं करण्याबद्दल कुणी बोललंच नाही. जुना ८०० पिक्सेलचा फोटो १२ × १८ ला हवा असेल तर? १०-१० टक्क्यांनी टप्प्याटप्प्याने वाढवायचा, असं ऐकलंय.

तलावपाळी (ठाणे)

तो टप्प्यांचा उपाय सोडून द्या. दर टप्प्याला नवी सरासरी, म्हणजे थोडा मऊपणा आणि थोडी लाट साठत जाते. एकदाच वाढवा, फोटोशॉपात प्रिझर्व्ह डिटेल्स २.० ने, नॉइजचा स्लायडर बेताने. ८०० ते ५४०० म्हणजे पावणेसातपट. यात नवा तपशील येणार नाही, कडा तेवढ्या नीट दिसतील. आकार ६ × ९ इंच केला तर पट निम्मी होते आणि फोटोला न्याय मिळतो.

पामबीच_रोड

एआयने होतं की. अडोबीचं सुपर रिझोल्यूशन २०२१ पासून आहे, रुंदी-उंची दोन्ही दुप्पट, पिक्सेल चौपट. अपस्केल (Upscayl) नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि स्वतःच्या मशीनवर चालतं.

शिरोरेखा (कोपरखैरणे)

चालतं, पण ते तपशील शोधत नाही, रचतं. जुन्या फोटोमागच्या दुकानाची मराठी पाटी वाढवून बघा: अक्षरांच्या जागी अक्षरांसारखं दिसणारं काहीतरी येतं, काना-मात्रा कुठेही. पक्ष्याच्या पंखावरची पिसंही ते त्याच्या मनाने आखतं. नोंद म्हणून ठेवायच्या फोटोला हे नको, आणि मोठा फ्लेमिंगो की छोटा, हे चोचीच्या रंगावरून ठरवायचं असेल तर मुळीच नको. मोठ्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची जवळजवळ सगळी गडद. तिथे यंत्राने रंगवलेली चोच म्हणजे चुकीची माहिती.

कोपरी_पूल (ठाणे)

सगळं बरोबर करूनही वेबवर मऊ दिसण्याची दोन कारणं राहिली. एक, पानाचा रकाना ११०० पिक्सेल असेल तर ब्राउझर तुमचा १२०० चा फोटो पुन्हा लहान करतो आणि तुमचं ०.३ चं शार्पन तिथेच विरघळतं. रकान्याचं माप विचारून तेवढाच फोटो द्या, किंवा बरोबर दुप्पट, म्हणजे जास्त घनतेच्या मोबाइल स्क्रीनलाही पुरतो. दोन, विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १२५ टक्के असेल तर १२०० चा फोटो १५०० पिक्सेलवर ताणून दिसतो. तपासताना ते १०० करा.

आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो आकारही बदलतो आणि पुन्हा दाबतोही.

खाडीकाठ (ऐरोली)

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रॉप ३००० वर, रेडियस ०.३, अमाउंट १०० असं केलं. किनार गेली, चोची स्वच्छ. दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. थव्याच्या रुंद फोटोत गुलाबी रंग चिखलात सांडल्यासारखा दिसतो, प्रत्येक पक्ष्याभोवती फिकट गुलाबी धूर. आणि उजेड_अंधार यांची ३२ बिटची पद्धत चमकत्या पाण्यातल्या पक्ष्यांना लावली तर पाय आधीपेक्षाही बारीक झाले. काय चुकलं?

कोपरी_पूल (ठाणे)

गुलाबी धूर जेपीईजीचा आहे. नेहमीच्या ४:२:० सबसॅम्पलिंगमध्ये उजेड पूर्ण आकारात साठतो, पण रंग दोन्ही बाजूंनी निम्म्या. तुमच्या १२०० × ८०० च्या फोटोत रंग फक्त ६०० × ४०० चा आहे. पक्षी ३ पिक्सेलचा असेल तर त्याचा गुलाबी शेजारच्या चिखलात उतरणारच. गिंपमध्ये एक्सपोर्ट करताना अॅडव्हान्स्ड पर्यायांत सबसॅम्पलिंग ४:४:४ करा. फोटोशॉपच्या सेव्ह अॅज मध्ये क्वालिटी ७ किंवा वर, सेव्ह फॉर वेबमध्ये ५१ किंवा वर ठेवली की रंग पूर्ण साठतो.

उजेड_अंधार (ठाणे)

काही चुकलं नाही, फोटो उलट जातीचा आहे. मी सांगितलं ते काळ्यावरच्या उजळासाठी. तुमच्याकडे उजळ पाण्यावर गडद पाय आहेत. त्रिज्यांचाच हिशेब घ्या: पिक्सेलमध्ये ६० टक्के काळा पाय, ४० टक्के पांढरं पाणी. साध्या सरासरीत आकडा १०२ येतो, पाय ठळक दिसतो. प्रकाशाच्या हिशेबात तोच आकडा १७० येतो, पाय फिका. मोजमाप म्हणून १७० खरा, पण तुम्हाला पाय दिसायला हवेत.

चमकत्या पाण्यातले पक्षी साध्या ८ किंवा १६ बिटमध्येच लहान करा. संध्याकाळी ओल्या काळ्या चिखलावर उजळ पक्षी असतील ते फोटो ३२ बिटमधून. एकाच फोटोत दोन्ही असेल तर दोन्ही नकला करा, एकावर एक ठेवा आणि मास्कने पाण्याचा भाग साध्या नकलेतून घ्या. दोन्हींचे पिक्सेल तंतोतंत जुळतात. शार्पन मास्क जोडल्यानंतर, एकदाच.